शेवटच्या काळाचा अभ्यास गावातल्या मंडळीने कसा करावा: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

कापूस वेचून आलेल्या बाया हातपाय धुऊन ओट्यावर टेकतात आणि कुणाच्या तरी मोबाइलवर व्हिडिओ सुरू होतो. लाल चंद्र, कोसळणाऱ्या इमारती, मागे कर्ण्याचा आवाज, आणि एक माणूस ठासून सांगत असतो की आता इतकेच महिने उरलेत. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला तोच प्रश्न येतो: "भाऊ, हे खरं आहे का?"

या प्रश्नाला मंडळीत, म्हणजे आपल्या ख्रिस्ती सभेत, दोन प्रकारची उत्तरे मिळतात आणि दोन्ही घातक आहेत. एक जण व्हिडिओच्या मागे धावतो. दुसरा म्हणतो, प्रकटीकरण, म्हणजे बायबलचे शेवटचे पुस्तक, आपल्याला समजण्यासारखे नाही, ते पाळकांनी पाहावे. मग पाळकही वर्षानुवर्षे त्या पुस्तकावर बोलत नाहीत आणि शिकवायचे काम मोबाइलकडे जाते. आमच्या भागातल्या एका कुटुंबाने दहावी पास झालेल्या मुलीला अकरावीला घातले नाही, कारण बाहेरगावाहून आलेल्या एका प्रचारकाने "आता शिकून काय करणार, दिवस संपले" असे सांगितले होते. दिवस संपले नाहीत. मुलगी आज दुसऱ्याच्या वावरात निंदायला जाते. हे मी जवळून पाहिले आहे, म्हणून हा लेख लिहितो आहे.

हा अभ्यास का करायचा, ते शास्त्रच सांगते. शिष्यांनी युगाच्या समाप्तीविषयी विचारले तेव्हा प्रभू येशूने त्यांना गप्प केले नाही, दोन अध्याय भरून उत्तर दिले. प्रकटीकरणाच्या पहिल्याच अध्यायात वाचून दाखवणाऱ्याला, ऐकणाऱ्यांना आणि त्यातले पाळणाऱ्यांना धन्य म्हटले आहे. प्रेषित पौलाने थेस्सलनीका शहरातल्या यहुदी सभास्थानात तीनच शब्बाथ वाद केला असे प्रेषितांची कृत्ये १७ मध्ये दिसते. त्या नवख्या मंडळीला तो पुढे लिहितो, मी तुमच्याजवळ असतानाच हे सांगत होतो, आठवत नाही का? म्हणजे नव्या विश्वासणाऱ्यांनाही त्याने हा विषय शिकवला होता. तेव्हा अभ्यास करायचाच. चूक होते ती क्रमात.

## तयारी: बसण्याआधी एवढे करा

वेळ शेतीच्या हिशोबाने ठरवा. जून-जुलैत पेरणी-डवरणी, ऑक्टोबरपासून वेचणी. त्या दिवसांत सुरू केलेला अभ्यास अर्ध्यावर सुटतो. अर्धवट ऐकलेली भविष्यवाणी न ऐकलेल्यापेक्षा जास्त भीती घालते, हा माझा अनुभव आहे. फेब्रुवारी ते मे हे चार महिने धरा. आठवड्यातून एक संध्याकाळ, तास-सव्वा तास.

माणसे सहा ते दहा. त्यात एक तरी वयस्क बाई हवी, एक तरी तरुण हवा. सगळे एकाच वयाचे असले की एकाच दिशेने वाहवत जातात.

पवित्र शास्त्र दोन भाषांतरांत ठेवा: एक जुने, आपल्या पाठांतरातले, आणि एक सोप्या भाषेतले. जुन्यात शब्द अडला की सोप्यात पाहायचे. सोबत दोनशे पानी वही. प्रत्येक पानावर तीन रकाने आखा: "काय लिहिले आहे", "शास्त्रात हेच दुसरीकडे कुठे आहे", "आपण काय करायचे". चौथा रकाना आखू नका. "आजची कोणती बातमी" असा रकाना एकदा आखला की बाकीचे तिन्ही रिकामे राहतात.

ज्यांना वाचता येत नाही त्यांना मागे बसवू नका. प्रकटीकरण मुळात मंडळीत मोठ्याने वाचण्यासाठी लिहिलेले आहे. एक वाचणारा, बाकी ऐकणारे, हीच त्याची मूळ पद्धत. स्वच्छ, सावकाश आवाजाचा माणूस निवडा. बरेचदा तो शाळेत जाणारा मुलगा किंवा मुलगी निघते.

मोबाइल टोपलीत. वीज गेली तर बॅटरी लावा, मोबाइलचा उजेड नको. उजेडासाठी काढलेला मोबाइल परत टोपलीत जात नाही.

सावध: तुमच्या पाळकांना न सांगता हा अभ्यास सुरू करू नका. परवानगीचा प्रश्न नाही. गुपचूप सुरू झालेला भविष्यवाणीचा गट हळूहळू "आम्हालाच कळले" म्हणू लागतो आणि मंडळी फुटते.

## १. पहिल्या पानावर ठाम गोष्टी लिहा

पहिल्या संध्याकाळी भविष्यवाणीचे एकही कठीण वचन उघडू नका. उपासनेत आपण आपल्या विश्वासाचा जो विश्वासांगीकार म्हणतो, त्यातले आणि प्रकटीकरण २१:५ मधले वहीच्या पहिल्या पानावर लिहा: प्रभू येशू पुन्हा येणार. मेलेले उठणार. जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय होणार. देव सर्व काही नवे करणार.

या चार गोष्टींवर सगळ्या मंडळ्या एक आहेत. वाद आहेत ते क्रमाचे, काळाचे आणि चिन्हांच्या अर्थाचे. हे पान पुढे फार कामी येते. गटात आवाज चढला की पहिले पान उघडायचे आणि मोठ्याने वाचायचे.

त्याखाली एक वचन लिहा, मत्तयाच्या शुभवर्तमानातले २४:३६. तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही, दूतांना नाही, पुत्रालाही नाही. तारीख सांगणाऱ्याला दुसरे उत्तर द्यायची गरज पडत नाही.

## २. मत्तय २४ आणि २५ आधी, प्रकटीकरण नंतर

सगळ्यात मोठी चूक इथे होते. लोक थेट प्रकटीकरण १३ उघडतात, देवाविरुद्ध उठणारे श्वापद आणि त्याचा आकडा ६६६ शोधायला. पायाच न खोदता माडी चढवण्यातला हा प्रकार.

तीन आठवडे हे दोन अध्याय घ्या. पहिल्या आठवड्यात फक्त पेन्सिलीने खुणा करा: प्रभूने जिथे जिथे आज्ञा दिली तिथे रेघ. कोणी तुम्हाला फसवू नये म्हणून सांभाळा. घाबरू नका. "ख्रिस्त येथे आहे, तेथे आहे" असे कोणी म्हटले तर विश्वास ठेवू नका. जागृत राहा. सिद्ध असा. खुणा करून झाल्यावर गटाला विचारा, यात कुठे तरी "हिशोब करा" असे सांगितले आहे का?

दुसऱ्या आठवड्यात शिष्यांचा प्रश्न नीट वाचा. प्रश्न एक नाही. मंदिराचा दगडावर दगड राहणार नाही असे प्रभू म्हणाला, ते केव्हा होईल हे त्यांनी विचारले, आणि त्याच्या येण्याचे व युगाच्या समाप्तीचे चिन्ह काय तेही विचारले. यरुशलेमचे ते मंदिर रोमी सैन्याने इसवी सन ७० मध्ये उद्ध्वस्त केले. म्हणजे या अध्यायातला काही भाग घडून गेला आहे, काही यायचा आहे. कोणते वचन कुठल्या भागाचे, यावर देवभीरू अभ्यासकांतही एकमत नाही. वहीत तिथे प्रश्नचिन्ह ठेवा. प्रश्नचिन्ह ठेवायची लाज वाटू देऊ नका.

सावध: लढाया, दुष्काळ, भूकंप ही वचने वाचताना लगेच बातम्या आठवतात. वचन ६ आणि ८ बोट ठेवून वाचा. हे घडणे अगत्याचे आहे, पण एवढ्यात शेवट नाही, आणि हा वेदनांचा प्रारंभ आहे, असे प्रभूच म्हणतो. पहिली कळ आली की घरातली मोठी बाई धावपळ करत नाही. पाणी तापायला ठेवते, सुईणीला निरोप धाडते. कळ खरी असते, पण बाळ अजून आलेले नसते.

तिसऱ्या आठवड्यात मत्तय २५. दहा कुमारींच्या दिव्यांत तेल आहे का, मालकाने दिलेला पैसा चाकराने कामाला लावला का, भुकेल्याला खायला दिले का, आजाऱ्याकडे कोणी गेले का. शेवटच्या काळावरची प्रभूची सगळी शिकवण येऊन थांबते ती इथे, भुकेल्याच्या ताटाशी.

तपासा: तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी वहीतला तिसरा रकाना पाहा. तो रिकामा असेल तर पुढे जाऊ नका. मत्तय २५ परत वाचा.

## ३. थेस्सलनीकाकरांची दोन पत्रे: घाबरलेल्या मंडळीसाठी

ही दोन पत्रे मिळून आठच अध्याय, दोन संध्याकाळी पुरतात. आपल्या गावांसाठी याहून जवळचे दुसरे काही मला सापडलेले नाही.

त्या मंडळीतले काही लोक वारले होते आणि बाकीचे विचारत होते, प्रभू येईल तेव्हा आमच्या माणसांचे काय? पौल उत्तर देतो: ख्रिस्तात मेलेले आधी उठतील. आणि शेवटी सांगतो, या शब्दांनी एकमेकांचे सांत्वन करा. घाबरवा असे म्हणत नाही.

दुसऱ्या पत्रातला दुसरा अध्याय तर आजच्या मोबाइलसाठीच लिहिल्यासारखा आहे. प्रभूचा दिवस आलाच आहे अशी अफवा कोणी तरी पसरवली होती, आणि ती जणू पौलाच्याच पत्रातून आली असे भासवले होते. पौल म्हणतो, अशाने लगेच मन अस्थिर होऊ देऊ नका. पत्राच्या शेवटी तो स्वतःच्या हाताने सलाम लिहितो आणि सांगतो, ही माझ्या प्रत्येक पत्रातली खूण. म्हणून फॉरवर्ड आला की पहिला प्रश्न हाच: हे कोणी लिहिले आणि त्याची सही कुठे आहे?

तिसरा अध्याय मोठ्याने वाचा. काही लोक काम सोडून बसले होते, लुडबुड करत फिरत होते. ज्याला काम करायचे नाही त्याने खाऊही नये, असे पौलाने त्यांना ठणकावले. शेवट जवळ आला म्हणून बियाणे न घेणारा, कर्ज काढून देणगी देणारा, पोरांची शाळा सोडवणारा माणूस जास्त विश्वासू ठरत नाही. तो पौलाची आज्ञा मोडत असतो.

सावध: गटातल्या कुणाची झोप उडाली असेल, "आता जगून काय" अशी भाषा येत असेल, तर तो अभ्यासाचा विषय नाही. त्याला एकटे सोडू नका, घरच्यांना सांगा, डॉक्टरकडे न्या. सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि मराठीतही बोलता येते. प्रार्थना करा आणि फोनही लावा.

## ४. दानीएल: चार अध्याय, घाई न करता

जुन्या करारातल्या दानीएल संदेष्ट्याच्या पुस्तकाचे २, ७, ८ आणि ९ एवढेच अध्याय घ्या. इथे एक सवय लावून घ्यायची आहे: चिन्हाचा अर्थ आधी त्याच पानावर शोधायचा.

आठव्या अध्यायात एडका आणि बकरा दिसतो. अर्थ लावायला लोक किती लांब जातात! वचने २० आणि २१ वाचा. एडक्याची दोन शिंगे म्हणजे मेदी आणि पारसी राजे, बकरा म्हणजे ग्रीसचा राजा, असे दूताने तिथेच सांगून टाकले आहे. दुसऱ्या अध्यायातल्या पुतळ्याचे सोन्याचे डोके कोण, तेही दानीएल राजाला तोंडावर सांगतो: तो तूच. जिथे शास्त्र स्वतः अर्थ सांगते तिथे आपला अर्थ घालायचा नाही. जिथे ते गप्प आहे तिथे आपला आवाज खाली ठेवायचा.

आता नववा अध्याय. दानीएल स्वतः यिर्मयाचे लिखाण वाचत बसला होता आणि सत्तर वर्षांचा आकडा त्याच्या ध्यानात आला. म्हणजे संदेष्टाही दुसऱ्या संदेष्ट्याचे पुस्तक अभ्यासत होता. आकडा कळल्यावर त्याने काय केले? उपास केला, गोणपाट नेसला आणि आपल्या लोकांचे पाप आपले म्हणून कबूल केले. त्याच अध्यायातल्या सत्तर सप्तकांवर, म्हणजे सात-सातच्या सत्तर गटांच्या काळावर, किती तरी तक्ते निघाले आहेत, पण त्यांच्या आधीची ही लांब प्रार्थना कुणी वाचत नाही. तुम्ही ती गुडघ्यांवर वाचा आणि सप्तके पुढच्या वर्षासाठी ठेवा. माझे मत एवढे स्पष्ट आहे.

आठव्याचे शेवटचे वचनही विसरू नका. दृष्टान्त पाहून दानीएल आजारी पडला, मग उठला आणि राजाच्या कामाला लागला. त्याला अर्थ पुरता कळला नव्हता, तरी तो कामावर गेला.

## ५. प्रकटीकरण: आधी सगळे ऐका, मग थांबून पाहा

पहिले, न थांबता वाचन. बावीस अध्याय सावकाश वाचले तर दीड तासाच्या आसपास लागतात. दोन संध्याकाळींत वाटून घ्या. मध्ये प्रश्न नाहीत, खुणा नाहीत. लहान मुले असतील तर असू द्या; अजगर आला की ती कान टवकारतात. पूर्ण ऐकल्यावर कोकरा, म्हणजे ख्रिस्त, जिंकतो ही गोष्ट अंगात भिनते, मग मधल्या कर्ण्यांच्या आणि वाट्यांच्या संकटांची भीती आपल्या जागी राहते.

दुसरे, पुस्तकाने स्वतः उलगडलेली चिन्हे. सात समया म्हणजे सात मंडळ्या (१:२०). अजगर म्हणजे सैतान (१२:९). वेश्या बसली आहे ती जले म्हणजे लोक, समुदाय, राष्ट्रे (१७:१५). तलम तागाचे वस्त्र म्हणजे पवित्र जनांची नीतिकृत्ये (१९:८). ही वहीत मधल्या रकान्यात उतरवा.

तिसरे, अध्याय २ आणि ३ मधली सात मंडळ्यांना लिहिलेली सात पत्रे. इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदिकीया. ही खरी गावे होती, आजच्या तुर्कस्तानात, आणि पत्रे ऐकणारी माणसे खरी होती. म्हणून कोणत्याही चिन्हाला हा प्रश्न लावा: स्मुर्णाच्या विश्वासणाऱ्याला हे ऐकून काय समजले असते? त्याला हेलिकॉप्टर समजले नसते, चिपही समजली नसती. ज्या अर्थाचा पहिल्या ऐकणाऱ्याला काडीचाही उपयोग नाही, त्या अर्थाविषयी सावध राहा.

चौथे, जुन्या करारातली मुळे. एक चिन्ह घेऊन दाखवतो.

मे २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातून टोळधाड आपल्याकडे उतरली. अमरावती, वर्धा, नागपूर जिल्ह्यांत संत्रा बागांवर आणि भाजीपाल्यावर टोळ बसले. लोक थाळ्या वाजवत, डबे बडवत, धूर करत शेतात उभे राहिले. टाळेबंदीचे दिवस, त्यात हे. तासाभरात सगळ्या मोबाइलवर एकच निरोप: प्रकटीकरण ९ पूर्ण झाले. अंगणात शेजारची आजी बसली होती. मी तिला तो अध्याय वाचून दाखवला, कारण तिने मागितला. चौथ्या वचनाशी तिने हात वर केला.

"थांब बाप्पा, पुन्हा वाच. झाडाले हात लावायचा नाही म्हनते ना? मंग हे तं आपला संत्रा खाऊन रायले!"

तिला अक्षर येत नाही, पण तिने वचन ऐकले होते. त्या अध्यायातल्या टोळांना गवताला, हिरवळीला, झाडाला उपद्रव करायची मनाई आहे; त्यांना धाडले आहे ते ज्यांच्या कपाळावर देवाचा शिक्का नाही त्या माणसांकडे. मग आम्ही मागे गेलो. निर्गम १० मध्ये मिसरावरचे टोळ. योएलाच्या पहिल्या दोन अध्यायांत घोड्यांसारखे दिसणारे, सैन्यासारखे चालणारे टोळ, आणि त्यानंतर लगेच "मनापासून माझ्याकडे वळा" ही हाक. नीतिसूत्रे ३०:२७ म्हणते टोळांना राजा नसतो, आणि प्रकटीकरण ९:११ मधल्या टोळांना राजा आहे, अथांग डोहाचा दूत. म्हणजे प्रकटीकरण लिहिणारा योहान आपल्याला शेतातल्या किड्यापलीकडचे काही दाखवतो आहे. ते नेमके काय, यावर मते वेगळी आहेत. पण वरुड-काटोलच्या बागेतले टोळ ते नव्हते, हे आजीला चौथ्या वचनातच कळले.

मजुरी करणाऱ्यांना एक वचन मुद्दाम द्या: ६:६. दिवसभराच्या मजुरीत शेरभर गहू, किंवा तीन शेर जव. तेल आणि द्राक्षारस मात्र सुरक्षित. आधीच्या वचनात येणाऱ्या काळ्या घोड्याचा अर्थ शोधायला त्यांना टीकाग्रंथ लागत नाही. पूर्ण दिवस राबून एका माणसाच्या पोटापुरते धान्य, आणि श्रीमंताच्या घरची चैन तशीच चालू. आमच्या गटात हे वचन वाचल्यावर बराच वेळ कुणी बोलले नाही.

पाचवे, ६६६ आणि खूण. इथे मी थांबणार आहे, कारण नुकसान इथेच जास्त होते. रेशन दुकानात मशीनवर अंगठा लावायचा, पीएम किसानसाठी ई-केवायसी करायची, आणि कुणी तरी सांगते की उजव्या हातावरची खूण ती हीच. मग म्हातारी माणसे धान्य सोडून घरी येतात.

अध्याय १३ आणि १४ एकत्र वाचा, मध्ये थांबू नका. ती खूण श्वापदाच्या उपासनेशी बांधलेली आहे. १४:९ मध्ये उपासना आणि खूण एकाच दमात येतात. आणि १३ व्या अध्यायातले ६६६ संपते न संपते तोच १४:१ मध्ये कोकऱ्याबरोबरच्या लोकांच्या कपाळावर पित्याचे नाव दिसते. दोन खुणा समोरासमोर आहेत: तू कोणाचा? त्याची मुळे जुन्या करारातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात, ६:८ मध्ये, जिथे देवाची वचने हाताला आणि कपाळाला बांधायला सांगितली आहेत. चुकून, न कळत, बारा अंकी आधार क्रमांक घेतला म्हणून कोणी ख्रिस्ताला नाकारत नाही. सरकारी नोंदणीबद्दल शंका असतील तर त्या नागरिक म्हणून जरूर विचारा. पण त्यापायी आजीचे धान्य सोडवू नका आणि कुणाच्या लेकराची लस थांबवू नका.

तपासा: गटातल्या कोणालाही विचारा, "अध्याय ५ मध्ये गुंडाळी उघडायला योग्य कोण ठरतो?" उत्तर आले नाही आणि ६६६ मात्र सगळ्यांना पाठ असेल, तर अभ्यास बाजूला गेला आहे. ४ आणि ५ पुन्हा वाचा, मगच पुढे.

## ६. मतभेद: मांडा, भांडू नका

हजार वर्षांचा उल्लेख विसाव्या अध्यायात सहा वचनांत सलग येतो. त्यावर तीन मुख्य मते आहेत. काही म्हणतात प्रभू आधी येईल आणि मग हजार वर्षे राज्य करील. काही म्हणतात सुवार्तेचा जगभर विजय होईल आणि त्यानंतर प्रभू येईल. काही म्हणतात हजार हा पूर्णतेचा आकडा आहे, ख्रिस्ताचे राज्य आता चालूच आहे. मंडळी महासंकटाआधी, म्हणजे शेवटच्या मोठ्या छळाआधी, स्वर्गात उचलली जाईल की त्यातून जाईल, यावरही असेच वेगळाले विचार आहेत.

एका संध्याकाळी तिन्ही मते तीन माणसांना वाटून द्या. प्रत्येकाने आपल्याला न पटणारे मत प्रामाणिकपणे मांडायचे. माझेही एक मत आहे, पण मी ते गटात सगळ्यात शेवटी सांगतो, कारण चालवणाऱ्याने आधी सांगितले की बाकीचे शास्त्र पाहणे सोडून त्याच्या तोंडाकडे पाहतात.

## ७. व्हिडिओ आला तर

टोपलीतला मोबाइल आता काढा. एखादा व्हिडिओ घ्या, गटात मिळून पाहा आणि प्रेषितांची कृत्ये १७ मधल्या बिरुया गावच्या लोकांसारखे तपासा. ते पौलाचेही बोलणे रोज शास्त्रात पडताळून पाहत असत.

तारीख किंवा महिना सांगितला आहे का? असेल तर तिथेच थांबा. विल्यम मिलर यांच्या शिकवणीवरून अमेरिकेत हजारो लोक २२ ऑक्टोबर १८४४ ची वाट पाहत बसले होते. काहींनी शेतातले पीकही काढले नव्हते. हॅरोल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ सांगितली, ती टळल्यावर २१ ऑक्टोबर सांगितली. दोन्ही वेळा वचने दाखवूनच हिशोब केला होता. वचन दाखवले म्हणजे हिशोब बरोबर, असे होत नाही.

सांगितलेल्या वचनाच्या आधीची आणि नंतरची दहा वचने वाचा. अर्थ टिकतो का? बोलणारा कोणत्या मंडळीला जबाबदार आहे? शेवटी पैसे, खाते क्रमांक किंवा "लवकर पुढे पाठवा" आले का? आणि ऐकून झाल्यावर मनात काय उरले: पश्चात्ताप, आशा, काम करायची उमेद, की नुसती धास्ती?

सावध: व्हिडिओ खोटा ठरला म्हणून तो पाठवणाऱ्या ताईंना सगळ्यांसमोर लाजवू नका. त्यांनी काळजीपोटी पाठवला होता. बाजूला घेऊन वही दाखवा.

## ८. शेवटची संध्याकाळ

ही बैठक तुमच्या नेहमीच्या ओट्यावर घेऊ नका. गावात यंदा ज्या घरात कुणी गेले आहे तिथे जा. घरधन्याच्या जाण्याने अंगण सुने झाले असेल आणि बाई एकटी पोरे आणि कर्ज सांभाळत असेल, तर आधी तिथे. तिला दोन दिवस आधी विचारा. डबे घेऊन जा, चहाची साखरही आपलीच न्या. कर्जाविषयी काही विचारू नका.

गेल्यावर आधी जेवण. मग प्रकटीकरण २१ ची पहिली पाच वचने, सवयीच्या आवाजात, सावकाश. देव स्वतः त्यांच्या डोळ्यांतले अश्रू पुसून टाकील, मरण राहणार नाही, शोक राहणार नाही. अर्थ सांगू नका. क्रम, काळ, हजार वर्षे, काही नाही. वही घरीच ठेवा. वाचून झाले की शांत बसा, आणि तिला बोलायचे असेल तर ऐका. निघताना विचारा, सोमवारी वावरात कोणते काम आहे आणि किती माणसे लागतील.